शिळ्या पाण्याचे मासे

मला एखादी गोष्ट आवडली की दम धरवत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. दाढ ठणकत होती म्हणून मी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते आणि तिथल्या बाकासमोर एक काचेची पेटी होती. तिच्यात बोटाच्या पेराएवढे मासे. अंगावर नाकापासून शेपटीकडे जाणारी निळी रेघ, तिच्याखाली लाल. एक वळला की सगळे वळायचे, एक थांबला की सगळे थांबायचे, आणि कोण कुणाला सांगतंय ते काही केल्या कळेना. माझा नंबर आला तेव्हा कंपाउंडरनं दोनदा हाक मारली. मी म्हटलं, पुढच्याला सोडा हो, मला घाई नाही. दाढेचं मी विसरूनच गेले होते.

निऑन टेट्रा असं त्यांचं नाव. दुसऱ्याच दिवशी मी माशांच्या दुकानात हजर. दुकानदार शांत माणूस होता, मी एका दमात दहा प्रश्न विचारले तरी तो एकेकच उत्तर देत होता. "ताई, एकटादुकटा घेऊ नका. हे घोळक्यानं राहणारे मासे आहेत. एकटे पडले की भिऊन मरतात." हे ऐकल्यावर तर मी पुरती विकली गेले. माझंही तसंच आहे, घरात चार माणसं नसली की मला घास उतरत नाही.

मग त्यानं मुद्द्याची गोष्ट सांगितली. "नळाचं ताजं पाणी थेट घालायचं नाही. त्यातल्या औषधानं ह्यांचे कल्ले भाजतात. दोन दिवस उघडं ठेवलेलं पाणी घाला. नाहीतर औषध मारायचे हे थेंब घेऊन जा."

मला हसू आवरेना. सोलापुरात राहायचं आणि शिळ्या पाण्यासाठी थेंब विकत घ्यायचे? आमच्या घरात नसलं तर ताजं पाणी नसेल, शिळं कायम आहे.

आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांतून एकदा येतो. त्या दिवशी गल्लीत सणासारखी धावपळ असते. कुणीतरी पहिल्यांदा ओरडतं, "पाणी सुटलं", की हातातलं काम टाकून सगळ्या बायका बाहेर. आणि मग काय करायचं, तर घरात जेवढं पाणी उरलं असेल तेवढं ओतून टाकायचं. पायऱ्यांवर, गाड्यांवर, कुंड्यांत, नाहीच तर रस्त्यावर. पाण्याचं मोठं टिपाड घासायचं, हंडे-कळशा घासायच्या आणि मग नवं भरायचं. ज्या पाण्याचा चार दिवस तांब्या-तांब्या जपून वापर केला, तेच पाणी नळ आल्याबरोबर शिळं होतं. ते घरात ठेवणारी बाई म्हणजे आळशी. ह्यावर वाद नाही.

तर मी थेंब न घेता सतरा मासे, पेटी, हवेचा पंप आणि हिरवी झाडं घेऊन रिक्षानं घरी आले. मांडीवर माशांची पिशवी होती आणि प्रत्येक खड्ड्याला मी रिक्षावाल्यावर डाफरत होते.

खरी परीक्षा घरी होती. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. सासूबाई मैंदर्गीकडच्या, आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"हे काय वशाट आणलंस घरात?"

"आत्या, खायला नाही, बघायला आणलेत."

"बघायला देव हाय की घरात."

मी पिशवी घेऊन तशीच आत घुसले. मी पेटी लावून होईपर्यंत आत्या दारातच उभ्या होत्या. सगळं झाल्यावर मात्र मला समोर बसवून म्हणाल्या, "ऐक. माझं वय सत्तरीच्या पुढं हाय. आजवर मी मुंगी मारली न्हाय. ह्यातला एक जरी मेला तर ते पाप मला नको. माझा हात त्या पेटीला लागणार न्हाय, सांगून ठेवते."

मी म्हटलं, नका लावू. मनात म्हटलं, बरंच झालं.

मी घरी शाळेचे गणवेश शिवते. मशिनशेजारीच पेटी ठेवली होती. समोर निळ्या पँटी, पांढरे शर्ट, खाकी चड्ड्या ह्यांचे ढीग, आणि बाजूला हे सतरा जण, सगळे एका गणवेशात, सगळे रांगेत. शिवता शिवता मान वर केली की ते पेटीच्या ह्या टोकाकडून त्या टोकाकडे निघालेले असायचे. इतकं छान वाटायचं की मी शेजारच्या बायकांना दुपारच्या झोपेतून उठवून बघायला आणायची. "अगं बघ की, बघ की, आता वळतील." आणि ते वळायचे. उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून मी पेटीवर ओला टॉवेल पसरून पंखा लावायची. नवरा म्हणायचा, माझ्यावर कधी टॉवेल पसरला नाहीस. मी म्हणायची, तुम्ही आधी गपचूप एका ओळीत पोहून दाखवा.

नळ यायच्या दिवशी सकाळीच मी टिपाडाच्या तळाचं दोन बादल्या शिळं पाणी माशांसाठी बाजूला काढायची. पेटीतलं थोडं जुनं पाणी काढून हे घालायची. मासे खूश, मी खूश. आत्या मात्र हे सगळं दुरून बघत होत्या. हात लावायचा नाही म्हटल्या होत्या, पण डोळे लावायला कुणाची बंदी नव्हती. हळूहळू तूर निवडायचं सूप पेटीसमोर आलं. मग दुपारची वामकुक्षीसुद्धा तिथंच होऊ लागली. एकदा मला म्हणाल्या, "तो कडंचा आज जेवला न्हाय बघ." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "तू आपल्याला ताजं भरतीस आणि त्या लेकरांना शिळं घालतीस. बरं दिसतं का ते?"

मी समजावलं. ताज्या पाण्यात औषध असतं, त्यांना सोसत नाही, वगैरे. आत्या म्हणाल्या, "आपल्याला सोसतंय ते त्यांना न्हाय सोसत व्हय." मला वाटलं, पटलं त्यांना. आत्यांना वाटलं, सून कामचुकार आहे.

मे महिना संपत आला होता. शाळा उघडायच्या आधी गणवेशांची नुसती झुंबड असते. त्या दिवशी होटगीला माल पोहोचवायचा होता. नळ दुसऱ्या दिवशी यायचा होता, म्हणून माशांचं पाणीही काढून ठेवलं नव्हतं. मी गठ्ठे बांधले, टमटम पकडली आणि गेले. परत यायला पाच वाजले.

दारातच कळलं की नळ येऊन गेला. पायऱ्या ओल्या, गल्ली ओली, टिपाड काठोकाठ. आत्या दारात उभ्या, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत भिजलेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी तो आधी फक्त नातवाच्या निकालाला पाहिला होता.

"पाणी आजच सुटलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तू न्हाईस तर आज आपणच करावं. पेटी आतून घासून काढली. शिळं सगळं ओतून दिलं. आधी त्या लेकरांना भरलं, मग टिपाडाला पाइप लावला. बघ की, कसे नाचायलेत."

मी आत धावले.

काच एवढी लखलखीत होती की आत पाणी आहे की नाही ते कळेना. आणि मासे नाचत नव्हते. रांग मोडलेली, प्रत्येक जण वेगळ्या कोपऱ्यात, तोंड वर पाण्याच्या काठाला लावून धापा टाकत होता. निळी रेघ गेलेली. लाल रंग धुतलेल्या कापडासारखा फिका. पेटीला अजून नळाच्या औषधाचा वास येत होता.

माझी जीभ किती तिखट आहे ते मला माहीत आहे. गणवेशाचं एक बटण वाकडं लागलं तर मी अख्खी गल्ली ऐकेल एवढी ओरडते. पण त्या वेळी आत्या माझ्या मागे उभ्या होत्या, ओल्या हातांनी, शाबासकीची वाट बघत.

"काय गं? काय झालं?"

"आत्या, हे नाचत नाहीत. श्वास मिळंना म्हणून वर आलेत. ताज्या पाण्यातलं औषध."

त्या जवळ आल्या. वाकून पाहिलं. मग हळूच मशिनच्या स्टुलावर बसल्या. "म्हंजे मी मारले."

"अजून मेले नाहीत," मी म्हटलं, आणि तेवढं म्हटल्याबरोबर माझ्या अंगात वारं शिरलं. "उठा आत्या. शिळं पाणी पाहिजे. आत्ताच्या आत्ता."

हवेचा पंप पुरता मोठा केला. घरात बघितलं: टिपाड ताजं, हंडे ताजे, कळशी ताजी, पिण्याचा माठसुद्धा ताजा. आत्यांनी कुठंही कसूर ठेवली नव्हती. दुकानदाराला फोन लावला तर तो मोहोळला नातेवाइकांच्या साखरपुड्यात, दुकान बंद. मागे वाजंत्री चालू होती, त्यात तो ओरडून म्हणाला, "कुठनंही शिळं पाणी आणा ताई, थांबू नका."

कुठनंही! नळाच्या दिवशी आमच्या गल्लीत शिळं पाणी शोधायचं म्हणजे काय, हे त्या माणसाला मोहोळात बसून काय कळणार.

मी बादली घेऊन शेजारी गेले. "घरात थोडं शिळं पाणी आहे का?"

शेजारीण माझ्याकडे बघतच राहिली. "आमच्या घरात? नळ आल्यावर? मी टिपाड घासल्याबिगर कधी भरलंय का?" तिचा पारा चढला. पुढच्या घरी तर दार अर्धंच उघडलं. त्या बाईच्या मोरीत झाकलेली बादली मला स्पष्ट दिसत होती, आणि तीही न ओतलेली, पण ती म्हणाली, "छे बाई, एक थेंब नाही." मी बादलीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "ती भांड्याला." मी म्हटलं, चालेल. ती म्हणाली, "ताजंच आहे गं ते," आणि दार लावलं. आपल्या घरात शिळं पाणी आहे हे ती मेली तरी कबूल करणार नव्हती. मी त्या दाराला लाथ घालायची तेवढी बाकी ठेवली.

गल्लीच्या तोंडाशी आले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. समोर मोठा रस्ता, आणि रस्त्यापलीकडच्या भागाचा नळ आमच्यानंतर दुसऱ्या दिवशी येतो. म्हणजे तिकडं आज सगळ्यांकडे चार दिवसांचं शिळं असणार. मागं ओरडून आत्यांना सांगितलं, ताज्याची एक घागर घेऊन या, आणि मी रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही.

पलीकडच्या पहिल्याच घरात टॉवेलच्या मागावर काम करणारं तेलुगू कुटुंब राहतं. त्यांच्या लहान्याचे गणवेश मीच शिवलेले. बाई दारात कांदे चिरत होत्या.

"वहिनी, तुमच्याकडं टिपाडात पाणी आहे?"

"तळाला आहे की. रात्रीला पुरलं पायजे."

"ते मला द्या. मी तुम्हाला आत्ता भरलेलं ताजं आणून देते. एका घागरीला दोन घागरी."

बाईंनी सुरी खाली ठेवली. "ताजं देऊन शिळं कोण घेतंय?"

"माशांना पाहिजे."

"माशांना," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मलाच माझं खरं वाटेना. मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "खरं सांगा ताई. तुमच्या नळाला आज गटाराचं पाणी आलंय ना? म्हणून बदलायलात ना?"

एवढी घाईची वेळ, तिकडं मासे धापा टाकतायत, आणि मला हसू फुटलं. मी काय शपथ घ्यावी ते सुचेना. इतक्यात मागून आत्या आल्या. कमरेवर भरलेली घागर, अनवाणी, रस्ता ओलांडून. ह्या बाई गेली दोन वर्षं गुडघ्यांमुळे देवळाच्या पायऱ्या चढत नाहीत. त्यांनी घागर उंबऱ्यात ठेवली, तांब्या मागितला, त्यात आपलं पाणी घेतलं आणि वहिनींच्या देखत घटाघटा पिऊन टाकलं.

"चांगलं हाय," आत्या म्हणाल्या. "घे. आणि तुझं शिळं दे बाई. माझ्या हातनं जीव चाललेत."

वहिनी एकदम उठल्या. टिपाड कलतं करून त्यांनी स्वतः तळाचं पाणी उपसलं, शेजारच्या घरातून आणखी एक बादली मागून आणली, आणि मोठी घागर उचलून आमच्याबरोबर चालायलाही लागल्या. तीन बायका भर रस्त्यात शिळं पाणी सांडू नये म्हणून जपून चालतायत. एक स्कूटरवाला हॉर्न वाजवायला लागला तर वहिनींनी त्याला तेलुगूत असं काही ऐकवलं की तो गाडी बंद करूनच उभा राहिला.

घरी येऊन पेटीतलं ताजं पाणी पाइपनं जवळजवळ तळापर्यंत काढलं आणि शिळं हळूहळू ओतलं. मी ओतत होते, आत्या तांब्यानं भरून देत होत्या, वहिनी काचेला नाक लावून सांगत होत्या, "एक खाली गेला. दुसरा पण गेला. ताई, ते हलायलेत." पेटी भरली तसे बरेचसे काठ सोडून खाली उतरले होते.

वहिनी त्यांच्या दोन घागरी ताजं पाणी घेऊन गेल्या. दिवेलागणीला आत्या देवापुढं गेल्या, तेव्हा मला पेटीच्या तळाशी झाडाच्या बुंध्याजवळ दोन मासे आडवे पडलेले दिसले. मी जाळी घातली. हलले नाहीत. आतून आत्यांचं नामस्मरण ऐकू येत होतं. मी ते दोघे गणवेशाच्या पांढऱ्या चिंधीत गुंडाळले आणि मागच्या दारच्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरून आले. हात धुतले. आत्या बाहेर आल्या आणि विचारलं, "सगळे हायत?"

"सगळे," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी आत्या जेवल्या नाहीत. उष्म्यानं भूक नाही म्हणाल्या.

सकाळी मी तोंड धुवायच्या आधी पेटीकडे गेले आणि जे बघितलं त्यानं मी घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. निळी रेघ परत आली होती. आणि कोपरे सोडून सगळे एकत्र आले होते. आधी चार-पाच, मग कडेचे दोघं त्यांना येऊन मिळाले, आणि मग सगळी रांग पेटीच्या ह्या टोकाकडून त्या टोकाकडे निघाली आणि काचेपाशी एकदम वळली. मी टाळ्या पिटल्या. नवरा ब्रश तोंडात धरून हसत होता. मला वाटलं, जिंकलो.

आत्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघितलं. ओठ हलत होते, मला वाटलं नाव घेतायत.

"पंधरा हायत," त्या म्हणाल्या.

"झाडामागं असतील आत्या दोन."

"झाडामागं न्हाईत. मी काल पेटी घासायच्या आधी पातेल्यात काढताना एक-एक मोजून घेतला होता. सतरा होते." आवाज चढलेला नव्हता. "कुटं ठेवलेस त्यांना?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना मागच्या दारी घेऊन गेले आणि कुंडी दाखवली. माती एका बाजूला अजून ओली होती. रडतील असं वाटलं होतं, मीच रडायला लागले. आत्या आत गेल्या आणि चिमटीत विभूती घेऊन आल्या. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, मातीत ठेवतात आणि विभूती लावतात. आत्यांनी गुडघे धरून खाली बसत कुंडीतल्या मातीवर एक बोट ओढलं. मग शेजारी दुसरं.

"दोघांना येगळी येगळी," म्हणाल्या.

मी त्यांना हाताला धरून उठवलं. आत येऊन त्यांनी साबणानं हात धुतले, पदराला पुसले, परत धुतले. मग पेटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हात माझ्यापुढं केला.

"त्यांचं खाणं दे," म्हणाल्या. मी डबी उघडून दिली. त्यांनी चिमूटभर घेतलं आणि पाण्यावर हात धरून तशाच थांबल्या. "मला बघून भितील का गं ते?"

मी म्हटलं, "सोडा की आत्या."

त्यांनी सोडलं. पंधराच्या पंधरा वर आले.